उलटा जोर

प्रसूतिगृहात सगळे तिला तोफ म्हणत. तोंडावर सिस्टर, पाठीमागे तोफ. कळा देणाऱ्या बाईच्या उशाशी उभी राहून ती जे ओरडायची ते जिना उतरून खाली वजनकाट्यापाशी बसलेल्या गरोदर बायकांपर्यंत पोहोचायचं. त्या एकमेकींकडे न बघता पोटावर हात ठेवायच्या. तिला हे माहीत होतं, आणि आवडायचंही.

तिची एक पद्धत होती. आधी ओरडायचं, "दे, अजून दे, झोपा काढायला आलीस का इथे?", आणि मग टेबलाची कड धरून, श्वास कोंडून, बाईबरोबर स्वतःही जोर लावायचा. गळ्याच्या शिरा फुगायच्या, चेहरा तांबडाबुंद व्हायचा. दुसऱ्यांची इतकी बाळंतपणं तिने अशी अंगावर घेतली होती की स्वतःची दोन त्या गर्दीत कुठे हरवली ते तिला सांगता आलं नसतं.

एका सकाळी असाच एका बाईचा जड पाय खांद्याशी धरून ती उभी होती आणि तिला शिंक आली. शिंकेबरोबर काहीतरी गरम मांडीवरून उतरलं आणि पांढऱ्या बुटात गेलं. हे पहिल्यांदा घडत नव्हतं. खोकताना व्हायचं, जिना उतरताना व्हायचं. घरी मुलगा काही विनोदी सांगायला लागला की ती उठून आत जायची. सासूबाईंना घरात कुणी हसलेलं खपत नाही, असा सुनेचा पक्का समज झाला होता, आणि तिने तो होऊ दिला होता. पाणी पिणं जवळजवळ तोडलं होतं. पण या वेळी थेंब फरशीवर पडले, आणि फरशी पुसायला मावशी होती.

मावशीने फडकं फिरवलं, नाकाजवळ नेलं.

"सिस्टर, हिची पाणमोट तर मघाच फुटली. मग ही कुणाची?"

टेबलावरची बाईसुद्धा कळेच्या मध्ये हसली.

दुपारपर्यंत ते मेट्रनच्या कानावर गेलं. मेट्रनने दार लोटून घेतलं. "तीन महिने खाली वजनकाट्यावर बसा. फिजिओथेरपीला जा. तिथल्या बाईने बरं आहे म्हणून सांगितलं तर वर या. नाहीतर कपड्यांचं कोठार आहे. निवृत्त होईपर्यंत चादरींच्या घड्या घाला."

"म्हणजे आता माझं ती ठरवणार? ती व्यायामवाली?"

"तुमचं तुमच्या शरीराने ठरवून झालंय," मेट्रन म्हणाली. "ती फक्त सांगेल."

व्यायामवालीची खोली म्हणजे पूर्वी मोडक्या चाकाच्या खुर्च्या ठेवायची जागा. एक उंच पलंग, एक पडदा, टेबलावर प्लॅस्टिकचा कमरेचा सांगाडा. ती स्वतः तिशीची, किडकिडीत. "बसा" म्हणाली तेव्हा चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

"लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात ते. ओटीपोटाचा तळ. तो आत आणि वर ओढायचा."

"मला शिकवू नकोस. घरी जाणाऱ्या प्रत्येक बाईला मीच सांगते, आवळत जा म्हणून. वर्षभर मी स्वतः करतेय."

"मग दाखवा."

पडद्यामागे ती गुडघे दुमडून झोपली. अंगावर चादर. छताला एक तपकिरी डाग होता. या स्थितीत बाईला छत दिसतं, ही गोष्ट तिच्या कधी डोक्यातच आली नव्हती. व्यायामवालीने विचारून हातमोजा घातलेलं बोट आत घातलं आणि म्हणाली, "आवळा." तिने होता नव्हता तो जोर लावला.



"माझं बोट आत ओढलं जायला हवं," व्यायामवाली म्हणाली. "तुम्ही मला बाहेर ढकलताय."

"शक्य नाही."

"पुन्हा करा. हं. पुन्हा बाहेर. श्वास कोंडलाय, पोट फुगलंय. तुम्ही कळ देताय, सिस्टर. इथे बाळ नाहीये."

घरी जाताना ती चालत राहिली. वर्षभर रोज, भांडी घासताना, अंथरुणात, ती जिद्दीने हाच व्यायाम करत होती, म्हणजे वर्षभर स्वतःला खाली ढकलत होती. तिच्या शरीराला जोर म्हणजे एकच गोष्ट माहीत होती. दुसरी दिशा तिथे नव्हतीच.

ती शिकली ती रागाने. झोपून श्वास सोडायचा आणि सोडता सोडता तळ वर उचलायचा. पोट ढिलं, मांड्या ढिल्या. सावकाश धरायचं, सावकाश सोडायचं. मग पटापट. मग बसून, मग उभं राहून. खोकला येतोय असं वाटलं की त्याच्या आधी उचलायचं. पाणी प्यायचं, भरपूर. "तहान मारून मूत्राशय शहाणं होत नाही, चिडतं," व्यायामवालीने सांगितलं. सुरुवातीला आत काही हलतच नव्हतं. मग एके दिवशी, बंद खोलीत कुणीतरी कूस बदलावी तेवढं, हललं.

"हे बरोबर," व्यायामवाली म्हणाली. शाबासकी द्यायची नाही असं तिने ठरवलं असावं.

"तुझा माझ्यावर राग आहे," सिस्टर एकदा चादर सारखी करत म्हणाली. "मी काय घोडं मारलंय तुझं?"

"माझं बाळंतपण वर झालं. तुमच्या हाताखाली."

"बाळ?"

"सुखरूप आहे. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडायच्या आधीच तुम्ही मला कळा द्यायला लावल्या. मी नको म्हटलं तर म्हणालात, नऊ महिन्यांपूर्वी बरं नको म्हटलं नाहीस."

सिस्टरला आठवलं नाही. ते ती कुणालाही म्हणायची. "बाहेर अजून दोघी ताटकळत असतील तेव्हा," ती म्हणाली. "उरकावं लागतं."

"हो. माझं उरकलंत. तेव्हापासून मीही रोज हेच व्यायाम करते." व्यायामवालीने हातमोजा डब्यात टाकला. "पुढच्या आठवड्यात उड्या मारून बघू."

त्या आठवडाभर सिस्टरला खाली वजनकाट्यावर बसून एकच दिसत होतं: आपलं उरलेलं आयुष्य या बाईच्या जिभेवर आहे, आणि ही ते कोठारात लोटणार. तिच्या जागी आपण असतो तर लोटलं असतंच.

तीन महिने झाले. भरल्या मूत्राशयाने ती पाय फाकवून उभी राहिली, जोरात खोकली, उड्या मारल्या, पाण्याची भरलेली बादली उचलली. व्यायामवालीने आत ठेवलेलं कोरं कापड बघितलं, उलटून पुन्हा बघितलं. मग तिच्यासमोरच मेट्रनला फोन लावला.

"कोरडं आहे. वर पाठवा. पण बायकांबरोबर श्वास कोंडून जोर लावायचा नाही. ओरडायचंही नाही तसं. बायकांचे पाय एकटीने उचलायचे नाहीत. नाहीतर वर्षभरात पुन्हा माझ्याकडे येतील."

"मग मी तिथे करू काय?" सिस्टर म्हणाली. "आरती ओवाळू?"

"श्वास सोडा," व्यायामवाली म्हणाली आणि पुढच्या बाईला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी वर टेबलावर पहिलटकरीण होती. पोरगी घाबरलेली, ओठ चावून सोललेले. एक पाय मावशीला धरायला लावला, तेव्हा मावशीने सिस्टरकडे पायापासून वर असं सावकाश बघितलं. कळ आली. सिस्टरने टेबलाची कड धरली, छाती भरली, तोंड उघडलं, आणि खाली सगळं उतरू लागल्याचं तिला लख्ख कळलं. आता ते कळत होतं, हाच शाप. तिने तळ उचलला, श्वास सोडला. सुटत्या श्वासावर जो आवाज आला तो तिचा नव्हता.

"काय म्हणालात?" पोरीने विचारलं.

"थांब म्हटलं," सिस्टर त्याच आवाजात म्हणाली. "अजून वेळ आहे. नुसता श्वास सोड." ऐकू न आल्याबद्दल त्या पोरीच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी तिला वाटली.

वेळ लागला. बाहेर दुसरी कण्हत होती आणि मावशी दाराकडे बघून उसासे टाकत होती. वेळ झाल्यावर पोरीने स्वतःच कळ दिली. बाळ आलं, टाका एकही पडला नाही. पोरगी हात धरून म्हणाली, "सिस्टर, किती शांत आहात तुम्ही." मावशी फिस्सकन हसली.

सिस्टरने हात सोडवून घेतला, संडासात जाऊन कडी लावली आणि बघितलं. कोरडी होती. त्या व्यायामवालीचा शब्दन् शब्द खरा निघाला, याचा राग दिवसभर काही तिच्या डोक्यातून उतरला नाही.