पाण्याखालचा सातवा दिवस

माझे बाबा आणि आमचे पास्टर यांचं भांडण जग किती दिवसांत झालं यावरून होतं. मला सुरुवातीला त्याचं हसूच यायचं. आमच्या पुनर्वसनाच्या वसाहतीत एस.टी. आत येत नाही, फाट्यावरूनच वळून जाते. आणि इथे पत्र्याच्या चर्चमध्ये चौदा घरांची मंडळी उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडून तावातावानं बसलेली. पास्टर नवे, तरुण, बोलायला गोड. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शास्त्रात दिवस लिहिलंय म्हणजे दिवस, चोवीस तासांचा. प्रत्येक दिवसाला संध्याकाळ आहे, सकाळ आहे, आणखी काय हवं? बाबा म्हणायचे, सूर्य तर चौथ्या दिवशी झाला, मग आधीचे तीन दिवस मोजले कुणी? देवाचा दिवस म्हणजे युग. आणि सातव्या दिवसाला तर संध्याकाळ लिहिलेलीच नाही, तो अजून सरलेला नाही, आपण सगळे त्यातच आहोत.

बाबा चौथी शिकलेले, धान पिकवणारे. हे त्यांनी कुठून आणलं, मला कळेना. पास्टरांनीच मला सांगितलं की या प्रश्नावर मोठमोठे विद्वान भांडत आलेत आणि दोन्हीकडे देवाला भिणारी माणसं आहेत. पण मंडळी लहान, तिच्यात शिकवण एकच असावी, असं त्यांचं मत. मी त्यांच्या बाजूची होते. नवरा गेल्यावर मी बाबांकडे परत आले, शिवणकाम करते, आणि बारा तारखेला ब्लाउज देते म्हटलं की बारालाच देते. दिवस म्हणजे युग असली भानगड मला चालत नाही.

भांडणाला तोंड फुटलं ते स्मरणाच्या रविवारी. त्या दिवशी आमच्याकडे प्रत्येक घर एक चिठ्ठी देतं: गेलेल्या माणसाचं नाव आणि जाऊन किती वर्षं झाली. पास्टर ती वाचतात आणि प्रार्थना करतात. आईच्या नावापुढे बाबा वर्षं लिहीत नसत. दरवर्षी एकच शब्द लिहीत: आज. जुने पास्टर तसंच वाचून टाकायचे. नवे थांबले, चूक झाली असेल म्हणून विचारलं. बाबा उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "चूक नाही. आजच तं निजली हाय ते."

कुणी हसलं नाही.

त्यानंतर घरात राहणं अवघड होऊन बसलं. बाबांनी दिवस संध्याकाळपासून धरायला सुरुवात केली, शास्त्रात तसाच आहे म्हणून. दिवेलागणीला आंघोळ, मग धुतलेले कपडे, मग मला हाक मारून सकाळचा चहा मागायचा. मी किती समजावलं, किती चिडले, काही उपयोग नाही. माझ्या तोंडून आईबद्दल "इतक्या वर्षांत" असं काही निघालं की ते हात वर करून म्हणायचे, हळू बोल. शेजारच्या खोलीत कुणाचा नुकता डोळा लागला असावा तसं. शेजारची खोली म्हणजे माझं शिलाई मशीन आणि तांदळाची कोठी. तरी मी हळू बोलू लागले. भर दुपारी मशीन चालवताना पाय थांबवून मी त्या कोठीकडे पाहायची, आणि मग स्वतःचाच राग यायचा.

एकदा जेवताना माझा तोल गेला. मी म्हटलं, आईला जाऊन पंधरा वर्षं झाली, बाबा, ती धरणाच्या पाण्याखाली आहे, आणि तुम्ही रोज संध्याकाळी सकाळ करता. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, उद्या माझ्यासोबत चल.

मे महिना होता. गोसीखुर्द धरणाचं पाणी मागे हटलं होतं आणि जुन्या गावाचा वरचा भाग उघडा पडला होता. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. सावली म्हणून नव्हती, आपलीसुद्धा पायाखाली गोळा झालेली. घरांच्या भिंती केव्हाच विरघळल्या होत्या, फक्त जोती उरली होती, त्यावर एकसारखा राखाडी चिखल वाळून तडकलेला. कुणाच्या दारातला पाटा तसाच होता. पुढे पाण्यात मोहाची झाडं उभी होती, साल नसलेली, पांढरी, एकही पान नाही, आणि एकही पाखरू नाही. गावाचा रस्ता मात्र धडधाकट होता. तो उतरत उतरत थेट पाण्यात जात होता. त्या रस्त्याच्या टोकाला आमचं कबरस्तान. ते कधीच उघडं पडत नाही.

बाबा त्या रस्त्यानं चालत गेले, गुडघाभर पाण्यात, आणि दारापाशी थांबावं तसे थांबले. मी काठावरून हाक मारली. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू.

"कागद आला होता," ते वळून न बघता म्हणाले.

मी सासरी होते तेव्हा बाबांनी मला कळवलं होतं की कबरी हलवायचा कागद आमच्या गावाला आलाच नाही. गाव बुडालं त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आई गेली होती, आणि जाताना एवढंच म्हणाली होती की मला पाण्यात ठेवू नका. आता बाबा सांगत होते, पावसाळ्यात एक सरकारी माणूस कागद घेऊन आला: ज्यांना कबरी हलवायच्या आहेत त्यांनी आठ दिवसांत हलवाव्या. आमच्या गावानं असे आठ दिवस कितीदा ऐकले होते. मोजणीचे आठ दिवस, प्लॉटचे आठ दिवस. त्या आठ दिवसांत लोक पेरायचे, कापायचे, पोरींची लग्नंही करायचे. सगळ्यांनी मान हलवली आणि सगळे धानाच्या बांधीत उतरले. बाबांच्या धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, अर्धा राहिला होता.

"मी म्हनलं, रोवणा आटपू, मंग तिले काढू. तो आठ म्हनला, मी सहा महिने समजलो. आठव्या दिवशी पानी आलं."

आता मला कळलं की इतके महिने ते कशासाठी भांडत होते. दिवस लांब असला, तर त्यांना उशीर झालेलाच नव्हता.

"आठ मंजे आठच निंगाले. मंग पास्टरच खरा," ते म्हणाले. "दिवस मंजे दिवसच. पानी आलं तवापासून मोज. मले आकडा पाह्यजे."

मी नको म्हटलं. त्या क्षणी मला त्यांचं युग परत हवं होतं. रोज संध्याकाळी सकाळचा चहा करायला मी जन्मभर तयार होते. पण त्यांनी तारीख सांगितली, वारही सांगितला, आणि मोबाईलनं लगेच उत्तर दिलं. चार आकडी होतं. मी ते वाचून दाखवलं.

बाबांनी डोक्यावरचा दुपट्टा काढला. पाण्याकडे तोंड करून त्यांनी तो आकडा मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हटला. मग म्हणाले, "इतके दिस झाले. मी रोवण्यातच होतो."

एवढं बोलून ते मान जराशी तिरपी करून थांबले, पाण्याखालून उत्तर यायचं असल्यासारखे. वारा पडलेला होता. पाणी हलत नव्हतं. खरं सांगते, मीसुद्धा कान देऊन ऐकत होते.