नळ चावते

आमगावच्या आमच्या घरातला कूलर पत्र्याचा. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर पंचवीसेक वर्षं बसून होता. होळी झाली की मी त्याचं ऑपरेशन करायचो. जुना वाळा उपसून नवा भरायचा, पंप घासायचा, टाकीच्या गळक्या बुडाला डांबर फासायचं. शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेल्या माणसाला एवढं यायलाच पाहिजे, असं माझं मत होतं. घरात त्या मताचा मी एकटाच.

"आमगावच्या सडकेले नसन एवढं डांबर याले लावलं तुमी," बायको म्हणायची. "यंदा बदलवा. नाहीतर एसी आना."

"उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले की व्होल्टेज कुठं राहते? एसी काय तुझ्या माहेरून तार ओढून चालवू?"

माहेर निघालं की विषय संपायचा. दरवर्षी तो असाच संपवत आलो. यंदा मात्र संपवायला नको होता. मागच्या उन्हाळ्यात आईला ऊन लागलं होतं आणि तीन दिवस सलाइनवर ठेवावं लागलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना दुपारी गार खोलीतच ठेवा. म्हणजे कूलर बंद पडून चालणार नव्हतं. तरीही जुनाच ठेवायचा असं मी ठरवलं. दुसरं कारण नव्हतं. मी दुरुस्त केलेली वस्तू टाकाऊ आहे, हे मला कबूल करायचं नव्हतं.

मे अखेरचा नवतपा, ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आत कूलरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या. मोटर काढून बघायची सोडून मी शहाणपणा केला. पत्र्याला एक तार जोडली आणि तिचं दुसरं टोक अंगणातल्या नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळलं. झाली अर्थिंग! पाइप जमिनीत जातो, करंटही जमिनीत जाईल. वर्गात शिकवायचो तसंच. फक्त एक गोष्ट विसरलो. जमिनीतला सडलेला पाइप दोन वर्षांपूर्वी मीच काढून तिथं प्लास्टिकचा टाकला होता.

आठवड्याभरात आई म्हणाली, "बाबू, नळ चावते रे."

मी हसलो. तिच्या हाताला मुंग्या येतात म्हटल्यावर मात्र घाबरलो. शुगर होतीच, त्यात वय. लकव्याची सुरुवात असेल का, या विचारानं तिला डॉक्टरांकडे नेलं.

"मुंग्या कधी येतात, आजी?"

आईनं तोंड उघडलं, तेवढ्यात मी बोललो, "दिवसभर, डॉक्टर." गोळ्या लिहून मिळाल्या. तिनं त्या मुकाट खाल्ल्या.

माझा एक जुना रोग आहे. घरात काही घडलं की चहाच्या टपरीवर ते सांगितल्याशिवाय मला पचत नाही. चार दिवसांनी स्टेशनजवळच्या टपरीवर मी आईची नक्कल केली. चेहरा वाकडा करून, बोट झटकून, "बाबू, नळ चावते रे!" सगळे खो खो हसले. एक जण हसला नाही. आमच्या गल्लीतला वायरमन. बशी खाली ठेवून त्यानं विचारलं, "गुरुजी, कूलरची अर्थिंग कुठी देल्ली तुमी?"

मी सांगितलं. अगदी ऐटीत.

"आन् पाइप लोखंडाचाच हाय ना खालपर्यंत?"

तेव्हा कुठं मला तो प्लास्टिकचा पाइप आठवला.

"आजी चप्पल घालते का नळावर?" त्यानं पुन्हा विचारलं.

आम्ही सगळे चपला घालून नळावर जातो. आई अनवाणी जाते. नळाखाली देवाची भांडी घासायची, मग चप्पल कशी घालायची?

बायकोला फोन लावला. वाजत राहिला. अकरा वाजले होते, आईची भांडी घासायची वेळ. वायरमननं मला मागं बसवून गाडी पळवली. वाटेत मी देवाला काय काय नवस बोललो, त्यालाच ठाऊक. फाटकातून दिसलं, आई नळापुढं उभी होती. तिनं उजव्या हाताला पदराचे तीन-चार वेढे गुंडाळले होते आणि त्या हातानं ती तोटी फिरवायला जात होती.

"हात नोको लावू!" मी ओरडलो. ती दचकून मागं सरली. वायरमन धावत आत गेला आणि त्यानं मेन स्विच पाडला.

"काऊन बोंबलून राहिला रे?" आई म्हणाली. "मले मालूम हाय तो चावते. कोरडा पदर गुंडाळला का कमी चावते."

म्हणजे तिचा उपाय तिनं शोधून काढला होता. मी तिला गोळ्या खाऊ घालत होतो.

वायरमननं कूलर उघडला. मोटरची वायर उघडी पडून पत्र्याला टेकली होती. "पदर ओला असता तर?" एवढंच तो म्हणाला.

त्या दुपारी कूलर बंदच होता. ओली चादर खिडकीला टांगली आणि बायको आईला पंख्यानं वारा घालत बसली. मी म्हटलं, "उद्याच गोंदियाला जातो. प्लास्टिकच्या बॉडीचा कूलर आणतो. का एसीच आणू?"

बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईले विचारा."

पंचवीस वर्षांत आईला मी हे एकदाही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "कूलरच आनजो. खिडकी बंद केली का माहा जीव घाबरते. पन एक सांगतो, जोडाले या पोराले बोलावजो." नळावरची तार सोडवून दारात आलेल्या वायरमनकडे तिनं बोट केलं. "तू दूर बसजो."

मी दूर बसलो. बसल्या बसल्या विचारलं, "आई, हात कसा आहे आता?"

"बरा हाय," ती म्हणाली, जरा जास्तच लवकर, आणि उजवा हात तिनं पदराखाली घेतला.