दोघांपुरता स्वयंपाक

मामा मीठ चिमटीनं घेत नसत, मुठीनं घेत. मूठ पातेल्यावर धरायची, जराशी सैल सोडायची आणि मनगट गोल फिरवत मीठ पेरायचं. मग पातेल्यात वाकून बघायचं आणि म्हणायचं, "थोडंच हाय, खाऊन घ्या." हे थोडं म्हणजे आमची अर्धी गल्ली जेवून उरेल इतकं असायचं.

तुमच्याही गल्लीत असं एखादं घर असेल, जिथून न मागता वाटी येते आणि परत करताना ती रिकामी कशी द्यायची म्हणून आपण साखर शोधत बसतो. सेलूला आमच्या गल्लीत ते घर मामांचं होतं. उभी हयात त्यांनी मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाक केला. दीडशे पोरं, दोन्ही वेळा. तिथली पोरं मामा म्हणायची, म्हणून आम्हीही मामाच म्हणायचो. स्वतःच्या घरचा स्वयंपाक मामी करत. मग मामा निवृत्त झाले, पाठोपाठ मामी गेल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यावर एका माणसाचा स्वयंपाक करायची वेळ आली. तो काही त्यांना जमेना. पातेलंभर वरण करायचे, निम्मं गल्लीत वाटायचे आणि उरलेलं दोन-तीन दिवस स्वतः खात बसायचे. त्यात साखर निघालेली. शिळं खाणं बंद करा, नाहीतर एक दिवस महागात पडेल, असं दवाखान्यातून सांगितलेलं होतं.

मला हे सगळं माहीत होतं. पण त्या दिवसांत मी स्वतःला सुधारण्यात गुंतले होते, त्यामुळे दुसऱ्यांसाठी वेळ नव्हता.

माझं लग्न ठरलं होतं. मी एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क, मुलगा जिंतूरला सरकारी नोकरीत. बघायला आले तेव्हा त्यांच्यातल्या एका मावशीनं विचारलं, "स्वयंपाक येतो का?" मी आधीच ठरवून ठेवलेलं होतं. मुलाकडे बघून म्हणाले, "तुम्हाला येतो का?" बाबांना मनातून आनंद झालेला मला दिसला. मुलगा शांतपणे म्हणाला, "पिठलं येतं. भाकरी जाड होते, पण फुगते." आता आली का पंचाईत? मला चहा येत होता, आणि तोही आई घरात नसताना. पण त्या क्षणी मागं हटणं शक्य नव्हतं. मी म्हणाले, "मला सगळंच येतं."

लग्न चार महिन्यांवर होतं. नंतर जिंतूरला आम्ही दोघंच खोली घेऊन राहणार होतो, म्हणजे माझं पितळ झाकायला सासूबाईसुद्धा नव्हत्या.

तेव्हा मी स्वतःला आमूलाग्र बदलायचं ठरवलं. पहाटे पाचला उठून स्टेशन रोडला चालायला जायचं, कोहळ्याचा रस प्यायचा, इंग्रजी बोलायला शिकायचं, रागावर ताबा ठेवायचा आणि लग्नाच्या पांढऱ्या साडीत आपण दुधाच्या कॅनसारखे दिसू नये इतपत वजन उतरवायचं. कोहळ्याचा रस मी दोनदा प्याले. पहाटेचा गजर रोज व्हायचा, त्यानं आई उठायची आणि माझ्यावर खेकसायची, मग रागावर ताबा ठेवायचा सराव बारगळायचा. आईकडून स्वयंपाक शिकायचा प्रयत्नही झाला. आई अंगणवाडीत पंचवीस लेकरं सांभाळते, पण मी परातीपुढं बसले की दुसऱ्या भाकरीला आमचं भांडण ठरलेलं.

शेवटी मी मामांच्या दारात गेले. "जय भीम मामा, मला स्वयंपाक शिकवता का?"

मामांचा चेहरा असा उजळला, की मी उपकार मागायला नाही, तर त्यांच्यावर उपकार करायला आले आहे असं मलाच वाटलं.

"किती जणांचा?" त्यांनी विचारलं.

"दोघांचा."

"दोघांचा म्हंजी?"

"म्हणजे आम्ही दोघं. मी आणि ते."

"ते कळलं माय. पण घंटा वाजल्यावर येतेत किती?"

पहिल्या दिवशी आम्ही वरण केलं. मामा सांगत गेले, मी घालत गेले. सगळं झाल्यावर गल्लीत सोळा घरी डबे पोचले, तरी माझ्या चुलत्याच्या शेळीला आंबोण करता येईल एवढं उरलं. दुसऱ्या दिवशी भाकरी. मामांनी परातीत पिठाचा डोंगर केला, मध्ये पाणी ओतलं आणि म्हणाले, "लय न्हाई घेतलं." माझ्या भाकरीला परभणी जिल्ह्याचा नकाशा यायचा, कधीकधी तालुक्यांसकट. मामा ती उचलून तव्यावर टाकत आणि म्हणत, "पोटात गेल्यावर गोलच हाय."

आठ दिवसांत माझ्या लक्षात आलं की या वेगानं मी लग्नानंतर जिंतूरला खानावळ काढू शकेन, संसार करू शकणार नाही. आणि दुसरंही एक लक्षात आलं. शिकवून झाल्यावर मी घरी जायचे आणि उरलेलं सगळं मामा खायचे, परवापर्यंत. मग मी माझी सगळी सुधारणा सोडून मामांना सुधारायला घेतलं. स्वतःपेक्षा दुसऱ्याला सुधारणं फार सोपं असतं, हे तुम्हालाही माहीत असेल.

मी बाजारातून एक छोटं पातेलं आणलं. मामांनी ते तळहातावर ठेवून बघितलं. "हे तर बोळकं हाय. भातुकली खेळायलीस का?"

"यातच करायचं. तुमचं आणि माझं. उरायला नाही पाहिजे."

"अन् कुणी आलं तर?"

"कुणी येत नाही मामा. वसतिगृह संपलं आता."

हे मी जरा फटकन बोलले. मामा चूल पेटवून बसले.

मग खरी शाळा सुरू झाली, आणि विद्यार्थी आम्ही दोघंही होतो. मामांना चिमूट धरता येत नव्हती. बोटं जवळ यायची आणि मूठच वळायची. कधी वरण खारट, कधी अळणी. अळणी झालं की म्हणायचे, "तुझ्या बोळक्याला मीठ दिसत नसंल." मी हसायचे आणि भाकरी करपायची. मामा पातेल्यात वाकून बघत तेव्हा त्यांचा अख्खा चेहरा त्यात मावत नसे. दीडशे पोरांचा अंदाज ज्या माणसाला नजरेनं यायचा, तो चार चमचे डाळीपुढे गोंधळून बसलेला बघून मला हसू यायचं आणि नंतर घरी आल्यावर वाईट वाटायचं. पण मी हट्ट सोडला नाही. मला लग्न होऊन जायचं होतं, आणि त्याआधी या माणसाला ताजं, बेताचं जेवता आलं पाहिजे, एवढं एकच मला हवं होतं.

लग्नाआधी आमच्याकडे येसर करायला घेतलं. धान्यं आणि मसाले भाजून, दळून ठेवायचे आणि लग्नघरात त्याची आमटी करायची, ही आमच्याकडची रीत. मामा अंगणात येऊन भाजणीजवळ बसले. जेवणाचं काम केटररला दिलेलं होतं. मामांनी ते ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "चांगलं केलं, आता माझ्यानं व्हतंय कुठं." पण उठून जाईपर्यंत ते मंडपाच्या जागेकडेच बघत होते.

केळवणं सुरू झाली. घरोघरी पुरणपोळ्या खाऊन मी सगळ्या सुधारणांची राखरांगोळी केली. शिवणाऱ्या ताईंनी ब्लाउज दोनदा उसवला. शेवटचं केळवण मामांचं. मला वाटलं होतं, आता हा माणूस मोठं पातेलं काढणार आणि गल्ली गोळा करणार. गेले तर घरात फक्त दोन ताटं.

भाकरी, येसराची आमटी, भात, आणि गूळ घालून केलेली लापशी. सगळं बेतशीर. मीठ अगदी जिथल्या तिथं. आम्ही जेवलो आणि पातेल्याचा तळ दिसला. मामांनी माझ्याकडे बघितलं. "पुरलं का?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी आयुष्यात कुणाला विचारला नसेल. मला अजून एक वाटी आमटी हवी होती. मी म्हणाले, "पोट भरलं मामा." वजन कमी करायच्या त्या चार महिन्यांत मी तेवढ्या एकाच दिवशी अर्धपोटी उठले.

"दोघांचं आलं मग," मामा म्हणाले. "आता एकाचं कधी शिकवतीस?"

मला एकदम रडू आलं. बाकी सगळे मला नवरी म्हणून रडवायला टपलेले होते, तेव्हा मी रडले नव्हते.

लग्न झालं. जिंतूरला पहिल्या दिवशी मी पिठलं केलं. नवरा एक घास खाऊन म्हणाला, "हे हॉस्टेलचं पिठलं आहे." मी मान खाली घातली. मग त्यानं आणखी दोनदा वाढून घेतलं, आणि भाकरीचं काम त्या दिवसापासून आपल्याकडे घेतलं.

मी मामांना फोन करायचे. "एकाचं जमलं का?"

"न्हाई माय. दोघांचंच जमायलंय. आज पोष्टमन बसला जेवाया. काल ते गॅसच्या टाक्या आणणारं पोरगं. लय भुकेलं व्हतं."

"मामा, एकाचंच करायचं!"

"करायलोय की," ते म्हणायचे आणि विषय बदलायचे. शिळं खाणं मात्र सुटलं होतं. साखर आटोक्यात आली होती. मी नवऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगायचे, की मी एका माणसाला सुधारलं.

पुढच्या थंडीत मामा झोपेतच गेले. राणीसावरगावचा त्यांचा पुतण्या आला, त्यानं सगळं नीट केलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावानं वंदना आणि पंगत असते त्या दिवशी, जेवण बाहेरून मागवायचं ठरत होतं. मी आडवी आले. म्हणाले, मामांच्या दारात विकतचं जेवण नको, मी करते, मी त्यांची विद्यार्थिनी आहे. गल्लीतली माणसं आणि पुतण्याकडची थोडी, एवढेच येणार होते. आई आणि शेजारच्या बायकांना घेऊन मी चुलीपुढे बसले. मामांचं मोठं पातेलं काढलं, आणि मग कळलं की मला त्यातलं काहीच येत नाही. मी फक्त दोघांचं शिकले होते. दोघांचं किती वेळा केलं की सगळ्यांचं होतं, हे मनाशी मोजत मी डाळ ओतत राहिले.

वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, पंगत बसली. गल्ली जेवली. मग पोस्टमन आला. गॅसवाला पोरगा आला, सोबत त्याचा भाऊ. जिनिंगमधले हमाल आले, बांगड्या विकणारी आजी आली, एसटीचा एक कंडक्टर वर्दीतच आला. पिकल्या केसांची, वसतिगृहात वाढलेली पोरं आली. बाकी ज्याला विचारावं तो सांगायचा, "एकदा त्यांच्यासंगं जेवलो व्हतो. त्यांनीच हाक मारली."

मी वाढत होते. आमटीत पाणी घातलं, भात हात आखडून वाढला. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पुरंना गं." मी बाहेर जाऊन कुणाला तरी थांबवावं म्हणून दारात आले. भात संपला होता, आणि गल्लीच्या तोंडाशी माणसं अजून येतच होती.