बाईंनी खोडू न दिलेला तारा

पेन्सिलीला टोक काढताना श्वास रोखायच्या. लिफ्ट असली तरी जिना चढायच्या. चष्मा केसांत खोचून टेबलावर शोधायच्या. कुणी "अंदाजे" म्हणालं की त्याच्याकडे टक लावून बघायच्या. फोन उचलला की पहिलं वाक्य, "कामाचं बोला."

वेधशाळेच्या मोजणी विभागात बाई एकोणतीस वर्षं होत्या. दुर्बिणीच्या चित्रांवरून ताऱ्यांची चमक मोजून तक्त्यात भरायच्या. मी वार्षिक यादीची भाषा तपासायला आले होते. त्या मला 'साहित्यवाली' म्हणायच्या.

श्वेत बटू म्हणजे जळण संपून आक्रसलेला तारा. शेजारच्या ताऱ्याचं द्रव्य ओढता ओढता कधी तो पेटतो आणि स्फोटात पुरता संपतो. असे स्फोट जवळपास सारख्याच तेजाचे, हे विभागात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. एखादा फिका दिसला की मध्ये धूळ आहे असं धरायचं, हरवलेला प्रकाश हिशेबात मिळवायचा, आकडा जुळवायचा.

बाईंनी मोजलेला एक स्फोट फारच फिका निघाला.

"धूळ लावा आणि मोकळ्या व्हा," विभागाचे साहेब म्हणाले.

"धुळीतून आलेला उजेड तांबूस होतो, साहेब. हा निळसर आहे. कुठली धूळ लावू? तुमच्या टेबलावरची?"

"मग मोजणी चुकलीय. दोन महिन्यांनी निवृत्त होणार तुम्ही. कशाला डोक्याला ताप?"

"दोन महिने आहेत ना अजून."

साहेबांनी यादीतली त्या स्फोटाची ओळ खोडली. बाईंनी ती पुन्हा लिहून खाली सही केली. असं तीनदा झालं. मग साहेब म्हणाले, "यादी छापायला जाण्याआधी पुरावा द्या. नाहीतर ओळ जाईल."

जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, "बाई, नेमकं झालं काय तिथे?"

"अर्धवट पेटला गं. भडकला, पण पुरता उडाला नाही. मधला गोळा शिल्लक असणार. आणि हे त्याला मेलेला धरून बसलेत."

"कळणार कसं?"

"बाकीचे विझतच जातात. हा एका पातळीवर येऊन थांबला, तर आत कुणीतरी आहे."

बाई शनिवारीही येऊ लागल्या. त्यांच्या मुलाचा फोन आला. "आई, एका ताऱ्यासाठी सुट्टी घालवतेस?"

"तू मॅचसाठी घालवतोस, तेव्हा मी बोलते का?"

मंगळवारी सकाळी, घरून निघायच्या तयारीत असताना, बाई गेल्या. हृदय बंद पडलं.

बुधवारी साहेबांनी त्या ओळीवर पेन टेकवलं.

"त्यांची सही आहे," मी म्हणाले.

"तुला यातलं काय कळतं?"

"काही नाही. पण मोजणी संपलेली नाही."

त्यांनी तक्त्यातल्या शेवटच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग ओळ न खोडता पेन खिशाला लावून निघून गेले.

तक्त्यात सदतीस चित्रांतली त्या ताऱ्याची चमक भरली आहे. शेवटच्या काही आकड्यांत ती उतरायची थांबल्यासारखी दिसते. अडतिसाव्या चित्रासमोर फक्त तारीख आहे. त्यापुढची तीन चित्रं अजून उघडलेली नाहीत.