सूज उतरली तेव्हा

देवणीहून भाच्याचा फोन आला, तेव्हा मी लातूरच्या घरात मटकी निवडत बसले होते. "मावशी, आई गेली…" एवढंच तो बोलू शकला. सकाळी गोठ्यात जाऊन आल्यावर आक्का, माझी थोरली बहीण, चहा मागून बाजेवर टेकली, ती उठलीच नाही.

मागच्या हिवाळ्यात ती गुडघे सुजून माझ्याकडे आली होती. संधिवात जुनाच, पण आता पाय टेकवेना. माझे यजमान गेलेले, मुलगी हैदराबादला, त्यामुळे घरात मी एकटीच. फिजिओथेरपीच्या बाई घरी यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला बर्फ गुडघ्यावर ठेवला, तशी आक्का ओरडली, "आगं बाई, मला शेक पाहिजे! गारठ्यानं लई ठणकतंय."

"आजी, गुडघा गरम लागतोय. सूज आहे तोवर शेक नको," बाई म्हणाल्या.

मग उशांवर पाय उंच ठेवणं, पावलं मागेपुढे हलवणं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबून धरणं… दाबता दाबता आक्का सुनेची, गायीची, अख्ख्या गल्लीची खबरबात सांगायची. मीही तिच्याशेजारी पाय पसरून बसू लागले. कितीतरी वर्षांनी दुपारचं घरात कुणी बोलत होतं.

हळूहळू सूज ओसरली, गुडघ्याची वाटी दिसू लागली. बाई खूश झाल्या, मी मात्र दिवस मोजू लागले. बरी झाली म्हणजे ती जाणार. आक्कानं ओळखलंच.

"माझी सूज उतरली अन् तुझं तोंड उतरलं व्हय? चल की देवणीला."

"इथलं घर कोण बघंल?"

"घराला काय पाय हायेत का, पळून जायाला?"

मी हसून तिची पिशवी भरायला घेतली. दांडी धरून, पण आपल्या पायांनी ती एसटीत चढली.

दिवसकार्याला देवणीला गेले तेव्हा शेजारच्या बायका सांगत होत्या, आक्का त्यांनाही ओसरीवर बसवून पाय ताठ करायला लावायची. "दुखतंय म्हणून बसून राहू नगा," म्हणायची. ऐकून बरं वाटलं… आणि त्या बायकांचा थोडा हेवाही वाटला.

आक्का इथं असताना मी भाजी घेऊन आले की आतून हाक यायची, "आलीस का गं?" आता कुलूप काढून आत येते, पिशवी ओट्यावर ठेवते. आणि कुणी विचारलेलं नसताना मोठ्यानं सांगते, "आले गं, आक्का."