इस्त्री केलेला तंबू

टेलरमास्तरांना 'नाही' म्हणता येत नसे. जीभ होती, दात होते, सगळं जागच्या जागी होतं, पण तो एक शब्द काही केल्या तोंडाबाहेर पडत नसे. गिऱ्हाईक म्हणायचं, "मास्तर, परवा सूट हवा." टेबलावर आधीच्याच कापडांचा ढीग, तरी मान आपली डोलायची. "होऊन जाईल." परवा तेच गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की मास्तर मागच्या खोलीत दडी मारायचे आणि बायकोला पुढे करायचे. ती माउली गोड बोलून, चहा पाजून वेळ मारून न्यायची. असं ते दुकान वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि चांगलं चाललं होतं बरं का.

तर अशा माणसाला त्याच्या एकुलत्या एका लेकीनं विचारलं, "बाबा, आमच्या दवाखान्यातली मंडळी डोंगरावर मुक्कामाला चाललीयेत. मी कधी गेले नाही. तुम्हालाही आण म्हणतात. याल?"

घरात तिला छकुली म्हणत. बाहेर ती नर्स होती, भल्याभल्यांच्या दंडात सुई टोचताना तिचा हात हलत नसे, पण घरात छकुली ती छकुलीच. सोमवारी ती दूरच्या शहरात, मोठ्या दवाखान्यात नोकरीला जायची होती, आणि तिथं एकटीच राहायची होती. मास्तरांना स्वतःची उशी सोडून कुठं झोप येत नसे, मग डोंगराचं तर नावच नको. पण लेक आता दूर जाणार, तिला नाही कसं म्हणायचं? ते म्हणाले, "हो, का नाही? मजा येईल."

"कोणाला?" बायकोनं आतून विचारलं. तिकडे मास्तरांनी लक्ष दिलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी दवाखान्यातला एक्सरेवाला, म्हणजे या मंडळींचा म्होरक्या, पँट आखूड करायला दुकानात आला, तेव्हा त्यालाही यांनी आपणहून सांगून टाकलं, "येतोय हां आम्ही दोघं."

निघायच्या दिवशी सकाळपासून आभाळ फाटलं. वारा असा, की समोरच्या इमारतीवरच्या टाकीचं झाकण उडून रस्त्यात पडलं. मास्तरांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटायला लागल्या. आता पोर आपणच म्हणेल, बाबा, राहू दे. ते खिडकीशी गेले आणि जरा मोठ्यानं म्हणाले, "बराच दिसतोय पाऊस."

"हो ना," छकुली म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय, मी तयार आहे. तुला काय वाटतं?"

"तुम्ही म्हणाल तसं."

मग ती खिडकीशी गेली, हे सॅकशी आले. थोड्या वेळानं हे खिडकीशी, ती सॅकशी. मोजे आत गेले, बाहेर आले, परत आत गेले. मध्येच एक्सरेवाल्याचा फोन आला, येताय की नाही ते लवकर सांगा म्हणून. "बाबांना विचारून सांगते," छकुली म्हणाली, आणि बाबांना विचारलंच नाही. बायकोला हे सगळं भिंतीपलीकडून कळत होतं. पण तीही वस्ताद, म्हटलं बघू तरी कुठवर ताणतात.

शेवटी तिलाच राहवलं नाही. "तो तंबू तरी पाण्यात टिकतो का बघा," ती म्हणाली.

छकुलीनं हौसेनं नवा कोरा तंबू आणला होता. बाथरूममध्ये मायलेकींनी त्याचं छत दोन टोकांनी ताणून धरलं, मास्तर खाली उकिडवे बसले आणि वरून शॉवर सोडला. क्षणभर काही नाही. मग मास्तरांच्या टकलावर एक थेंब पडला, मग दुसरा, आणि मग ते चक्क आंघोळच करायला लागले. गाळणी परवडली.

छकुलीनं कापड उलटं करून पाहिलं. आतला, पाणी अडवणारा चकचकीत थर पापुद्र्यासारखा सुटून आला होता. आणि बरोबर मधोमध एक सरळसोट, धारदार घडी होती. अशी घडी घालणारा माणूस घरात एकच होता.

"बाबा, तुम्ही तंबूला इस्त्री केलीत?"

मास्तरांनी मान खाली घातली. जन्मात त्यांनी एक कापड इस्त्रीवाचून दाराबाहेर जाऊ दिलं नव्हतं. पिशवीतून काढला तर तंबूच्या अंगभर सुरकुत्या. चारचौघांत टेलरच्या पोरीचा तंबू चुरगळलेला दिसला, तर काय अब्रू राहिली? "जरा हलक्या हातानं फिरवली," ते म्हणाले. "वर ओलं फडकं ठेवलं होतं."

बायको टॉवेलात तोंड खुपसून हसायला लागली. छकुली तर ओल्या फरशीवरच बसली आणि हसता हसता एकदम रडायला लागली. मास्तर घाबरले. "अगं, दुसरा आणू तंबू."

"तंबूचं नाही हो. मला जायचंच नव्हतं. मला फार भीती वाटते. कुणी कुठं बोलावलं की मी नेहमी सांगते, बाबा नको म्हणतात. शाळेच्या सहलीपासून तेच सांगत आलेय. यंदा दवाखान्यातली मंडळीच म्हणाली, बाबांनाही आण. वाटलं, तुम्ही टाळाल. तर तुम्ही त्या एक्सरेवाल्याला दुकानात सांगून बसलात."

"म्हणजे बाहेर लोकांना वाटतं, मी..."

"कडक आहात. भयंकर."

एक्सरेवाला माप देताना श्वास रोखून का उभा राहतो, ते मास्तरांना आत्ता समजलं. खरं सांगायचं तर घटकाभर त्यांना बरंही वाटलं. मग एकदम मनात आलं आणि त्यांनी विचारलं, "सोमवारचंही हेच सांगणार होतीस का गं? नोकरीचं?"

छकुलीनं मान डोलावली. मास्तरांना फार वाईट वाटलं. आपण बायकोला पुढे करतो, पोर आपल्याला पुढे करते. आपलीच खोड तिनं उचलली होती. हवी असलेली नोकरी ती आपल्या नावावर घालवून बसणार होती, आणि आपल्याला पत्ताही लागला नसता.

तेवढ्यात एक्सरेवाल्याचा परत फोन आला. छकुलीनं तो तसाच बाबांपुढे धरला. "तुम्ही सांगा ना. पाठवत नाही म्हणा."

मास्तरांचा हात पुढे झाला. मग मागे आला. "नाही," ते म्हणाले. "तू सांग."

बायकोनं टॉवेलातून तोंड बाहेर काढून नवऱ्याकडे पाहिलं.

छकुलीनं फोन कानाला लावला. "मी येत नाहीये," ती म्हणाली. "बाबांचं काही नाही, ते हो म्हणाले होते. असल्या वाऱ्यात वर राहायची मला भीती वाटते. नाही, पुढच्या वेळचंही आत्ता सांगत नाही." तिचा आवाज कापत होता, पण वाक्यं पुरी झाली.

मग ती उठली, तोंड धुतलं, आणि खोलीत जाऊन सॅक पलंगावर उलटी केली. बॅटरी, दोरी, शिटी बाजूला सारून तिनं कपाटातून नर्सचे कपडे काढले आणि एकेक करून आत भरायला घेतले. मास्तर ओलेचिंब दारात उभे राहून बघत होते. जाऊ नकोस, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"तिथं थंडी असते का गं?" त्यांनी विचारलं.

"असते, बाबा."

"मग तो जाड स्वेटर घे," मास्तर म्हणाले आणि डोकं पुसायला गेले.