उघड्या तोंडानं

आमच्या मोहल्ल्यातल्या बंद पडलेल्या टॉकीजच्या जागी स्वस्त मालाचं अवाढव्य दुकान येणार असं कळलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. रस्त्याच्या या बाजूला माझं किराणा दुकान. यांची खापरखेड्याची नोकरी संपल्यापासून घर त्यावरच चाललेलं. ते बसलं तर आम्ही दोघं काय, एकमेकांची तोंडं बघत बसणार?

समाजभवनात सभा झाली. पुढारपण गुरुजींकडे. शाळेतून निवृत्त झाले तरी आवाज वर्गातलाच. "आधी साखर-तेल स्वस्त देतील, अन् आपले दुकानं बुडाले का भाव वाढवतील," त्यांनी ठणकावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. उभी राहिली फक्त कोपऱ्यावरच्या घरची सून. "काकू, राग नका मानू. पण तेल तिथं स्वस्त भेटत असन तं मी काहून नाही जाऊ? घर मले चालवा लागते."

राग नका मानू म्हणे! असा संताप आला की विचारू नका. गुरुजींनी तिला खाली बसवलं आणि ती सोडून बाकी एकेकाकडून नारळावर हात ठेवून शपथ घेतली, की त्या दुकानाची पायरी चढायची नाही. नारळ माझ्याच दुकानातला होता, सभा संपल्यावर मी तो घरी घेऊन आले.

दुकान उघडलं ऐन मे महिन्यात. आमच्या उन्हात जो तो तोंडाला दुपट्टा गुंडाळूनच घराबाहेर पडतो, त्यात नवल काही नाही. पण मी गल्ल्यावर बसून बघत होते. नुसते डोळे दिसणारी माणसं समोरच्या दारात एकेक करून शिरत होती. अरे, ज्यांच्या चपला रोज माझ्या पायरीशी निघतात, त्यांना मी ओळखणार नाही? ती लंगडत चाललेली माझी शेजारीण. तो पांढरा दुपट्टा म्हणजे खुद्द गुरुजी. उघड्या तोंडानं गेली ती एकटी कोपऱ्यावरची सून, आणि जाताना मला हात करून गेली.

म्हटलं, जाऊ दे. तेल-साखर तिकडून नेतील, पोहे, भिवापूरची सुटी मिरची, अडीनडीचं माझ्याकडून नेतील. पण छे! लोक उघड्या तोंडानं माझ्या दुकानासमोरून जायचेच बंद झाले. गुरुजी दुधाला मागच्या गल्लीनं वळसा घालून जाऊ लागले. शेजारीण मला पाहिलं की घरात सटकायची. येत होती ती फक्त सून, पावभर मिरची घ्यायला.

"बाकीचे काहून येत नाही वं?" मी विचारलं.

"लाज वाटते त्यायले, काकू. शपथ मोडली ना. तुमच्या तोंडाकडे कसे पाहतीन?"

म्हणजे ती मेली शपथच माझ्या दुकानाच्या मुळावर उठली होती. आणि ज्या पोरीवर मी दात खात होते, तीच एक माझं गिऱ्हाईक राहिली होती. मला माझाच राग आला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी यांना गल्ल्यावर बसवलं.

"कुठं चालली?"

"समोर."

"दुपट्टा तं घे, ऊन लागन."

"नाही घेत."

उघड्या तोंडानं रस्ता ओलांडला. आत साबणाची एक वडी घेतली आणि त्यांचं नाव छापलेली मोठी पिशवी मागून घेतली. ती हातात मिरवत गुरुजींच्या घरावरून आले. गुरुजी व्हरांड्यात होते. मला बघून त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

"गुरुजी, साबण चांगला आहे तिथला," मी फाटकातून म्हटलं. "पोहे मात्र माझेच. उद्या या."

मग ती पिशवी दुकानाच्या दर्शनी खिळ्याला टांगली.

"लोक काय म्हणतीन?" यांनी विचारलं.

"म्हणू द्या. पाहायले तं येतीन."

दुकान कुठवर चालेल, मला माहीत नाही. बंद करायची वेळ आली तर करीन, पण कोणाच्या लाजेपायी नाही करणार, एवढं ठरवून टाकलं.

सकाळी गुरुजी आले, समोरच्या रस्त्यानं. दुपट्टा खांद्यावर. पिशवीकडे बराच वेळ बघत उभे राहिले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तो नारळ..."

"त्याची चटणी कधीच खाऊन झाली, गुरुजी. पोहे जाड देऊ का पातळ?"